नर्सबाईंचा राग

"हे कुणी केलं?"

सकाळी दवाखान्याच्या उंबऱ्याशी चप्पल काढता काढता बाईंचा हा पहिला प्रश्न असायचा. त्यांनी अजून आत पाऊल टाकलेलं नसे, काय झालंय ते पाहिलेलंही नसे. पण त्या दोन खोल्यांत कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलंच असणार, याची त्यांना खात्री होती. आणि कुणीतरी म्हणजे मीच. डॉक्टर बाजाराच्या दिवशी तेवढे औरादहून येत. बाकीचे दिवस दवाखान्यात नर्सबाई आणि मी कंपाउंडर, एवढी दोनच माणसं.

मी केलेलं काय असायचं? सुया उकळायच्या भांड्याचं झाकण उताणं ठेवलेलं असायचं. रजिस्टरातली रेघ वाकडी गेलेली असायची. जंतुनाशकाची बाटली फळीवर एक बोट पुढे आलेली असायची. एकदा थर्मामीटर डबीत उलटा ठेवला म्हणून त्यांनी मला पेशंटांच्या रांगेसमोर पाव तास बोलून घेतलं होतं. रांगेतला एक म्हातारा आपला ताप विसरून माझी कीव करत होता.

"कामून असं करायलाव तुमी? मुद्दाम करायलाव का? सांगा की!"

मी काही सांगत नसे. मी थंड डोक्याचा माणूस, असं माझं स्वतःबद्दल मत होतं. घरातही मला कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यामुळे बाई बोलायच्या आणि मी ऐकायचो. पण ऐकणाऱ्या माणसाच्या पोटात काही साठत नाही असं समजू नका. त्या गावात मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. तिथून बदली मिळावी म्हणून पहिल्या तीन वर्षांत मी दोन अर्ज केले. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहिलं. खरी अडचण त्या पांढऱ्या साडीत रोज सकाळी दारात उभी राहायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कचेरीत, शाळेत, शेजारी. आपण त्यांना चिडकी म्हणतो आणि विषय संपवतो. मीही तेच केलं. फरक इतकाच की मला ते रोज सात तास जवळून बघायला मिळत होतं, आणि तरीही मला काही दिसलं नाही.

सोमवार सगळ्यांत वाईट. शनिवारी दुपारी बाई बिदरच्या बसनं जायच्या, तिथून कमठाण्याला आईकडे. सोमवारी सकाळी परत. आईचं अर्धं अंग गेलेलं होतं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. भाऊ होता, वहिनी होती, पण शनिवारी बाई पोचेपर्यंत म्हातारीला धड कुणी अंघोळ घालत नसे. हे मला बाईंनी कधी सांगितलं नाही. बसच्या कंडक्टरनं सांगितलं, तेही दोन वर्षांनी. तोवर मी समजत होतो, सुट्टी संपते म्हणून बाई सोमवारी चिडतात.

आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे पाहूनही मी पाहिलं नाही.

बाईंचं घर बौद्ध झालेलं. गावाला ते ठाऊक होतं. बाळंतपण अडलं की बोलावणं यायचं, "नर्सबाईला पाठवा, लवकर." मी बॅग घेऊन बरोबर जायचो. मला पुढच्या दारानं ओसरीवर बसवत. बाईंना वाड्याला वळसा घालून मागनं, गोठ्यातनं आत नेत. त्या तास-दोन तास आत राबायच्या. मूल रडलं की ओसरीवरची माणसं हसायची, माझ्या हातात चहा यायचा. बाई गोठ्यातनं बाहेर यायच्या, आणि त्यांची पाठ वळायच्या आत कुणीतरी मागच्या दारात गोमूत्र शिंपडायचं. त्याचा आवाज त्यांना ऐकू जात असणार. मला जायचा.

"बाई, चहा घेतला का?" मी मूर्खासारखं विचारायचो.

"चालतंय," एवढंच म्हणायच्या त्या.

दवाखान्यात आलं की स्टोव्हची पिन जागेवर नसायची, आणि मग, "हे कुणी केलं?"

मला राग यायचा तो पिनेचा. एवढ्याशा पिनेसाठी एवढं? गोठ्यातली वाट आणि पिन या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

मग एका मे महिन्यात गावात हैजा आला.

पटकीला आमच्याकडे हैजाच म्हणतात. लग्नसराई होती, विहिरी तळाला गेल्या होत्या. पहिल्या दिवशी खालच्या आळीतले दोघं गेले, ते आमच्यापर्यंत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून एक तरुण बाई आणली. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. नर्सबाई दुसऱ्या एका पेशंटपाशी होत्या. मला म्हणाल्या, "कंपाउंडर, सलाईन लावा."

मी शेकडो सुया टोचल्या होत्या. पण त्या बाईच्या हाताला शीर लागेना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिचा नवरा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. माझे हात असे थरथरायला लागले की सुई खाली पडली. मी ती उचलली नाही. दवाखान्याच्या मागं कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली जाऊन मी दोन्ही हात काखेत दाबून बसलो. थंड डोक्याचा माणूस!

थोड्या वेळानं बाई आल्या. मी मान वर केली नाही. आता गावासमोर आपली काय शोभा होणार, ते मला दिसत होतं.

"उठा," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की तो त्यांचाच का, म्हणून मी वर बघितलं. "सुई मी लावले. लागली शीर. तुमी निस्तं पाणी उकळा. दुसरं काय बी बगू नका. पाणी उकळायचं, गार करायचं, मला द्यायचं. एवढंच. जमतंय का?"

"जमतंय," मी म्हणालो.

आठ दिवस मी पाणी उकळलं. मीठ-साखर घालून घागरी भरल्या. आणि त्या आठ दिवसांत बाईंनी एकदाही विचारलं नाही की हे कुणी केलं. ओसरीत, पडवीत, झाडाखाली माणसं निजवलेली. घाण, रडारड, नातेवाइकांचा गलका. बाई त्यातून चालायच्या तशा घरच्या लग्नातही कुणी चालत नसेल. कुणावर आवाज नाही. एका म्हातारीनं त्यांच्या अंगावर ओकारी केली, तर तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "हू दे, आजी. आत नको ठिवू."

मला त्या बाईंची ओळख नव्हती. मी आठ दिवस त्यांच्याकडे चोरून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी विहिरीचा प्रश्न आला. वरच्या आळीतली मोठी विहीर अप्पांची. अप्पा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. सगळं गाव त्या विहिरीचं पाणी पीत होतं, म्हणजे ज्यांना पिऊ देत ते सगळे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला हवी होती. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. अप्पांच्या घरी लग्न होतं. निरोप आला, लग्न उरकू द्या, मग बघू.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी बादलीत पावडर कालवली. मला म्हणाल्या, "तुमी पाण्यापाशी थांबा." आणि एकट्या बादली घेऊन गेल्या. पुढचं मी लोकांकडून ऐकलं. विहिरीवर बायका होत्या, अप्पांचा पुतण्या होता. तो आडवा आला.

"बाई, तुमी या विहिरीला हात लावायचा न्हाई."

"हात लावायले न्हाई मी. औषध टाकायलेय."

"विहीर बाटंल!"

"मानसं मरायलेत," बाई म्हणाल्या आणि बादली ओतली. ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. रिकामी बादली घेऊन परत आल्या, हात धुतले आणि पुढच्या पेशंटचं सलाईन बदललं.

हैजा ओसरला. मधल्या दिवसांत आणखी एक माणूस गेला. बाकीचे सगळे आपल्या पायांनी घरी गेले. डॉक्टरांनी येऊन बाईंची पाठ थोपटली. मी लिंबाखाली जाऊन बसलो होतो ते बाईंनी डॉक्टरांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

मला वाटलं, आता आमच्या दोघांत काही बदललं. सोमवार उजाडला. बाई कमठाण्याहून आल्या, उंबऱ्यात चप्पल काढली.

"हे कुणी केलं?"

झाकण उताणं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला इतका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. आठ दिवस माणसासारखं वागता येत होतं तर रोज का येत नाही? हैजाच्या लोकांना मायेनं बोलणारी ही बाई माझ्याशीच अशी का? नेहमीप्रमाणे पोटात ठेवलं.

पावसाळा संपता संपता बाईंवर तक्रार झाली. सही दुसऱ्याच कुणाची होती, पण अक्षर अप्पांच्या कारकुनाचं, हे गावाला ठाऊक होतं. विहिरीचा राग होता. कागदावर मात्र लिहिलेलं होतं की नर्सबाई उर्मट बोलतात, पेशंटांना टाकून बोलतात, वरिष्ठांना न विचारता मनमानी करतात.

वरच्या ऑफिसातून चौकशीला एक साहेब आले. खुर्चीत बसून त्यांनी मला कन्नडमध्ये प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून द्यायला सांगितलं. नर्सबाई कर्मचाऱ्यांशी मोठ्या आवाजात बोलतात का? पेशंटांसमोर बोलतात का? विहिरीत औषध टाकण्यापूर्वी त्यांनी वरची परवानगी घेतली होती का?

मी लिहिलं, होय. होय. नाही.

"साहेब, पण त्या वेळी..." मी सुरुवात केली.

"विचारलं तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. आग्रह धरता आला असता, धरला नाही. आणि आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून हेही सांगतो. पहिला 'होय' लिहिताना मला बरं वाटलं होतं. तीन वर्षं पोटात साठलेलं एका शब्दात बाहेर पडलं, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

जबाब बाईंना वाचायला दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, वाचल्याची सही केली आणि पेनाला टोपण घालून ते साहेबांना परत केलं. माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी त्यांनाही विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? त्या नुसत्या उभ्या राहिल्या. ज्या बाईंना थर्मामीटरवर पाव तास बोलता येत होतं, त्यांना तिथं एक वाक्य बोलता आलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. निकाल कळवू, असं सांगून साहेब गेले. महिना गेला, दोन गेले. अकरा वाजता पोस्टमन गल्लीत शिरला की बाईंचा हात चालता चालता थांबायचा. पोस्टमन पुढं गेला की पुन्हा चालू. मला या गोष्टीचं काही वाटत नसे. माझी नोकरी कायम झाल्याचा कागद यायला दोन वर्षं लागली होती, आणि मी त्या दोन वर्षांत रोज दुपारी झोपत होतो.

"कागद आहे, बाई. येईल तेव्हा येईल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते वाक्य उच्चारलं नाही. माझ्या तेव्हा लक्षात आलं. समोर मरायला टेकलेलं माणूस असलं तर या बाईंना काय करायचं ते कळतं. हातांना काम असतं. पण कुठल्यातरी टेबलावर पडलेल्या कागदाशी काय करायचं? त्याला शीर नसते. माझं उलटं. सुईपाशी माझा हात थरथरतो आणि कागदापाशी मला झोप लागते. आम्ही दोघं एकमेकांच्या उपयोगी पडू शकलो असतो. त्यांनी माझी सुई घेतली होती. मी त्यांचा कागद घ्यायला हवा होता. मी काय घेतलं? जबाब दिला.

थंडीच्या दिवसांत बाईंचं ओरडणं बंद झालं. आधी मला कळलंच नाही. नंतर ते सुख वाटलं. मग भीती वाटायला लागली. रजिस्टरात त्यांच्या हातून चुका होऊ लागल्या. नाव एकाचं, औषध दुसऱ्याचं. मी गुपचूप दुरुस्त करायचो. एका सोमवारी मी मुद्दाम भांड्याचं झाकण उताणं ठेवलं. शिवाय थर्मामीटर डबीबाहेर ठेवला. स्टोव्हची पिन खिडकीत टाकली. बाई आल्या, चप्पल काढली. झाकण सरळ केलं. थर्मामीटर डबीत घातला. पिन शोधून आणली. आणि कामाला लागल्या.

"बाई, बोला की काहीतरी!" मीच ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या.

त्या दुपारी मी तीन कागद लिहिले. हैजाचे आठ दिवस, अप्पांचे निरोप, बादली. माझं लिंबाखाली जाऊन बसणंही लिहिलं. रजिस्टर पोस्टानं वर पाठवले. मग बाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, मी चुकलो."

"काय चुकलाव? खोटं लिवलाव का?"

"नाही."

"मग? मी चिडतेच की. सगळ्या गावाला ठावं हाय."

"पण बाकीचंही लिहायला पाहिजे होतं. माझे हात थरथरले ते, तुम्ही मला सांभाळून घेतलं ते."

"ते कामून लिवायचं? हात कुनाचा बी थरथरतोय." त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर चिडता येत होतं, म्हणून चिडले. दुसऱ्या कुनावर चिडू, सांगा? अप्पावर? वैनीवर?"

गोठ्यातली वाट आणि स्टोव्हची पिन त्या दिवशी पहिल्यांदा मला शेजारी शेजारी दिसली.

माझे तीन कागद परत आले. वर लाल शाईनं शेरा होता, चौकशी पूर्ण झालेली आहे. त्यानंतर पंधरा दिवसांनी आदेश आला. वर्तनाबद्दल समज देण्यात येत आहे आणि चिंचोळीकडच्या एका गावी बदली करण्यात येत आहे. विहिरीचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. जिल्हा गुलबर्ग्याचा, माणसं कन्नड-तेलुगू बोलणारी. आणि तिथून कमठाण्याला दर शनिवारी जाऊन येणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, अपील करा, मी लिहून देतो, मी घेऊन जातो. त्या ट्रंक भरत राहिल्या.

"आईचं काय करणार?" मी विचारलं.

"बगू," त्या म्हणाल्या.

दुपारच्या बसनं गेल्या. निरोपाला गावातून एकच माणूस आलं. जिची शीर मला सापडली नव्हती ती तरुण बाई. तिनं बाईंच्या पायांना हात लावला. बाईंनी तिला उठवलं, आणि बस येईपर्यंत आम्ही तिघंही उन्हात उभे राहिलो.

त्यांची आई त्याच वर्षी गेल्याचं कंडक्टरकडून कळलं. मी बाईंना पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

पुढं राज्याचं नाव कर्नाटक झालं, माझी बदली झाली, लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी लसीकरणाच्या कामासाठी आमच्या जीपला चिंचोळीकडची गावं मिळाली. त्यात बाईंची बदली झालेलं गाव होतं. मी उतरल्या उतरल्या दवाखान्यात गेलो. एक वयस्कर आया फरशी पुसत होती. मी कन्नडमध्ये बाईंबद्दल विचारलं.

तिनं फडकं बाजूला ठेवलं. बाई मागच्या वर्षी वारल्या, म्हणाली. पोटात दुखणं होतं. किती दिवसांपासून, कुणालाच माहीत नाही. नर्स असून अंगावर काढलं. अगदी शेवटी डॉक्टरांना कळलं.

"फार गरीब बाई," आया म्हणाली. "इतकी वर्षं होत्या, पण कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत. खोलीत आहेत की नाहीत तेही कळायचं नाही. आमच्या हातून काही सांडलं तर स्वतःच पुसायच्या."

"नाही हो," मी म्हणालो. "त्या फार रागीट होत्या. माझ्यावर तर रोज ओरडायच्या."

आया हसली. तिनं आतल्या पोरसवदा नर्सला हाक मारली, बाहेर बसलेल्या दोन बायकांना बोलावलं. हे साहेब काय म्हणतात ऐका, म्हणाली. त्याही हसल्या. थट्टा नव्हती, मला समजावल्यासारखं होतं ते.

"तुमच्या बाई दुसऱ्या कुणी असतील," आया म्हणाली.

मी त्यांचं नाव पुन्हा सांगितलं. कमठाण्याच्या, असं सांगितलं. उंची सांगितली, पांढरी साडी सांगितली. सगळं जुळत होतं. रागाचं मात्र त्यांच्यातली एकही मानायला तयार होईना. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आवाज चढवून, की त्या ओरडायच्या, खूप ओरडायच्या.